सोलापुरी चादर मोबाइलवर विकताना

मानांकन : सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सोशल मीडियावरच्या पोस्टमध्ये हे ठळक हवेच, कारण सोलापूरच्या नावाखाली बाहेरच्या चादरीही विकल्या जातात.

व्हॉट्सॲप बिझनेस : सुरुवात २०१८. फोटो, किंमत, वर्णन असलेला कॅटलॉग २०१९ पासून. ग्रुपमधला निरोप सगळ्यांना दिसतो. ब्रॉडकास्टचा निरोप मात्र दुकानाचा नंबर सेव्ह केलेल्यालाच पोचतो. बिलावर नंबर छापून भागत नाही, काउंटरवरच गिऱ्हाइकाकडून तो सेव्ह करून घ्यावा लागतो.

रील्स : टिकटॉकवर बंदी जून २०२० मध्ये, लगेच जुलैत इन्स्टाग्राम रील्स भारतात. जकार्ड मागावर उमटणारी नक्षी दाखवायला सोयीचे माध्यम.

आकडे वाचताना
• रीच : पोस्ट किती जणांनी पाहिली.
• इम्प्रेशन : ती किती वेळा दिसली.
• एंगेजमेंट : लाइक, कमेंट, शेअर, सेव्ह. विक्रीचा हिशेब वेगळा.

वेळापत्रक : जानेवारीतली सोलापूरची गड्डा यात्रा, थंडी, लग्नसराई. पोस्टची तयारी त्याआधीच.

इन्फ्लुएन्सर : जाहिरात मानक परिषदेची (आस्की) मार्गदर्शक तत्त्वे २०२१ची. मोबदला घेतल्यास पोस्ट ही जाहिरात असल्याचे स्पष्ट सांगावे लागते. फुकट दिलेली चादरही मोबदलाच धरली जाते.