हरीण शोधताना आधी झाड पाहावे

अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलाचियन डोंगरांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार करणारा जाणता माणूस शरद ऋतूत आधी फांद्या पाहतो, खुरांचे ठसे नंतर. हे ओक, हिकरी, मेपल अशा रुंदपानी वृक्षांचे जंगल. हिवाळ्यापूर्वी अंगावर चरबी चढवायची, तर हरणाला मोठा आधार ओकच्या फळांचा, म्हणजे एकॉर्नचा.

ओकची मुख्य कुळे दोन. पांढऱ्या ओकचे फळ एकाच हंगामात पिकते, कमी तुरट असते आणि पडल्यावर लवकरच रुजू लागते. तांबड्या ओकच्या फळाला दोन हंगाम लागतात. त्यात टॅनिन अधिक, पण ते वसंतापर्यंत रुजत नाही, टिकून राहते. म्हणून हरणे सहसा आधी पांढऱ्या ओकखाली येतात; तिथला सडा संपला की तांबड्याकडे वळतात.

यानंतर डोंगराची ठेवण. हरणे बहुधा वरच्या उतारावर, सोंडेवर किंवा मधल्या सपाटीवर विसावतात. धार ओलांडताना खिंडीची सोपी वाट धरतात. ऊन चढले की हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी गार होऊन घळीत उतरते. माणसाचा वासही तिच्याबरोबर जातो. म्हणून शिकारी सकाळी हरणाच्या वरच्या अंगाला बसतो, संध्याकाळी खालच्या.

पूर्वी हा शोध सोपा असावा. इथे चेस्टनटची दाट वने होती. हे झाड उशिरा, उन्हाळ्याच्या तोंडावर फुलत असल्याने दहिवरातून वाचे आणि जवळपास दरवर्षी फळे. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात त्यावर आशियातून आलेली बुरशी आढळली. १९५० पर्यंत अब्जावधी झाडे गेली. उरलेला ओक लहरी: एका वर्षी सडा, दुसऱ्या वर्षी शुकशुकाट. त्यामुळे गेल्या वर्षीची जागा यंदा उपयोगी पडेलच असे नाही.

हरणांचेही दिवस पालटले. बाजारासाठी झालेल्या शिकारीने १९०० च्या सुमारास ती अनेक भागांतून नाहीशी झाली होती. पुढे कायद्याचे संरक्षण मिळाले, दुसरीकडून आणून सोडलेली हरणे वाढली. लांडगे मात्र परतले नाहीत. आज अनेक ठिकाणी ती ओकची कोवळी रोपे खाऊन टाकतात. मोठ्या ओकखाली एकॉर्नचा सडा आहे, पण गुडघाभर उंचीचे एकही रोप नाही, असे दिसले तर दाट सावली हे एक कारण असू शकते. दुसरे, हरणांची दाटी. शिकाऱ्याला तिथे हरीण सापडेल. त्याच्या नातवाला तिथे ओक सापडेल का, हे रोपांवर ठरेल.