आत्मपरीक्षण : मैदानावरचे आणि मनातले

शर्यत हरलेला एखादा खेळाडू वारा, पंच आणि नशीब यांना दोष देतो. दुसरा आपली चूक नेमकी कुठे झाली, याचा शोध घेतो. पुढच्या शर्यतीत सुधारणा दिसते ती बहुधा दुसऱ्याची. स्वतःला तपासण्याची ही शिस्त ख्रिस्ती परंपरेतही प्राचीन काळापासून आहे.

ग्रीसमधील करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठ्या क्रीडास्पर्धा भरत. विजेत्याला मिळणारा पानांचा मुकुट लवकरच कोमेजून जाई. पहिल्या शतकात तेथील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात संत पौल यांनी धावपटू आणि मुष्टियोद्धा यांचे दाखले दिले. इतरांना उपदेश करून स्वतःच अपात्र ठरू नये, यासाठी आपण शरीराला शिस्त लावतो, असे त्यांनी नमूद केले. उपदेशकही तपासणीतून सुटत नाही, हा त्याचा अर्थ.

सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी या विचाराला पद्धतीचे रूप दिले. १५२१ मध्ये पाम्प्लोना येथील लढाईत तोफगोळ्याने जायबंदी झालेला हा योद्धा पुढे येशूसंघाचा संस्थापक झाला. त्यांच्या साधनाग्रंथाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यातील दैनंदिन आत्मपरीक्षणाचे टप्पे पाच : ईश्वराचे आभार, स्वतःला ओळखण्यासाठी प्रार्थना, दिवसाचा आढावा, क्षमायाचना आणि सुधारण्याचा निश्चय. याखेरीज एकच दोष निवडावा, तो जितक्या वेळा घडला तितके ठिपके रेषेवर मांडावेत आणि आजची नोंद कालच्या नोंदीशी ताडून पाहावी, असेही त्यांनी सुचवले. खेळाडूची सराववही याहून फार वेगळी नसते.

मात्र आत्मपरीक्षण म्हणजे आत्मनिंदा नव्हे. पराभव सतत उगाळणारा खेळाडू पुढचा सामनाही मनातच हरतो. अपराधीपणात बुडालेला भाविक क्षमेपर्यंत पोहोचतच नाही. म्हणूनच लोयोला यांची पद्धत कृतज्ञतेने सुरू होते आणि उद्याच्या निश्चयावर संपते.

आपल्याला काय महत्त्वाचे वाटते, याचा निर्णय कसोटीच्या क्षणापूर्वीच व्हावा लागतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. स्कॉटलंडचे धावपटू एरिक लिडेल यांनी प्रभूचा दिवस म्हणून त्यात धावण्यास नकार दिला. हा निर्णय ऐनवेळचा नव्हता. वेळापत्रक कळल्यावर काही महिने आधीच तो झाला होता. त्यामुळे ४०० मीटरच्या तयारीला त्यांना अवधी मिळाला आणि ४७.६ सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक पटकावले. पुढे धर्मसेवेसाठी ते चीनला गेले आणि १९४५ मध्ये तेथील जपानी बंदिछावणीत त्यांचे निधन झाले.

रात्री झोपण्यापूर्वीची दहा मिनिटे, एक वही आणि स्वतःशी प्रामाणिकपणा, एवढेच साहित्य या अभ्यासाला लागते. यातील शेवटची गोष्ट मिळवणे सर्वांत अवघड, आणि ती प्रशिक्षक किंवा धर्मगुरू कोणाच्या वतीने देऊ शकत नाहीत.