घरातील व गोठ्यातील वीजकाम : परवानाधारक तारतंत्र्याची निवड आणि कामाची पारख

खेड्यातील पुष्कळ घरांत वीज प्रथम आली ती केवळ दिव्यापुरती. दोन खोल्यांत दोन दिवे, ओसरीवर एक आणि फार तर एखादा पंखा, एवढाच तिचा उपयोग त्या वेळी अपेक्षित होता व त्याच हिशेबाने भिंतीवरून तार ओढली गेली. पुढे घर वाढले. दूरदर्शन संच, फ्रीज, मिक्सर, इस्त्री, गीझर, घरगुती पिठाची गिरणी अशी साधने आली; गोठ्यात कडबाकुट्टी आली. तार मात्र अनेक ठिकाणी तीच राहिली. जेथे गरज पडली तेथे जुन्या तारेला नवा तुकडा पिळून जोडण्यात आला.

हे जोडकाम बहुधा गावातीलच एखादा होतकरू तरुण करतो. तो हाकेसरशी येतो आणि मोबदलाही थोडा घेतो. दिवा लागला, यंत्र फिरले, की काम चांगले झाले असे घरधनी समजतो. परंतु दिवा लागणे ही वीजकामाची परीक्षा नव्हे. चुकीच्या जोडणीवरही दिवा तितकाच लख्ख लागतो. यंत्रात किंवा तारेत बिघाड झाल्यावर माणसास अथवा जनावरास इजा होण्यापूर्वी वीज आपोआप बंद होते की नाही, ही खरी परीक्षा होय. ती अपघाताच्या दिवशी होऊ न देता काम घेतानाच करून घ्यावी. ती कशी करावी हे शेतकरी बंधुभगिनींना व गावपातळीवरील कार्यकर्त्यांना समजावे, यासाठी ही माहिती देत आहोत.

छुपे धोके

गोठ्यातील कडबाकुट्टीचे उदाहरण घ्या. घरातून गोठ्यापर्यंत दोनच तारा नेलेल्या असतात. तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार नसते. काही दिवसांनी मोटारीच्या आतील तारेचे आवरण झिजते व ती लोखंडी सांगाड्यास टेकते. यंत्र पूर्ववत चालते, पण त्याच्या अंगात आता २३० व्होल्टची वीज खेळत असते. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून जो त्या सांगाड्यास हात लावील, त्याच्या देहातून ती जमिनीत उतरते.

दुसरा प्रकार याहून घातक आहे. विहिरीवर किंवा शेतातील वस्तीवर न्यूट्रल तार पोहोचलेली नसल्यास फेजची एक तार दिव्याला जोडतात आणि दुसरे टोक जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला बांधतात. दिवा लागतो, पण त्याचा सारा प्रवाह सळईवाटे मातीत शिरत राहतो. सळईजवळच्या जमिनीत विजेचा दाब अधिक असतो व दूर जावे तसा तो कमी होतो. बैल किंवा म्हैस तेथून जाताना पुढील व मागील पायांत बरेच अंतर असल्यामुळे दोन्हीकडील दाबांत फरक पडतो आणि जनावराच्या शरीरातून प्रवाह वाहतो. सळईची जोडणी सुटली तर दिव्यापासून सळईपर्यंतच्या तारेत पूर्ण दाब येतो. दिवा विझलेला पाहून कोणी ती तार हातात धरली तर जिवावर बेतते. ही रीत कोठेही असली तर तत्काळ बंद करावी.

तिसरा धोका पत्र्याच्या छपराचा. वीज आणणारी तार पत्र्याच्या कडेवर घासत राहिल्यास सारा पत्रा विद्युतभारित होतो, व त्याला बांधलेल्या कपडे वाळविण्याच्या तारेतही वीज उतरते.

कायदा काय सांगतो

विद्युत अधिनियम, २००३ अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षिततेविषयी विनियम केले असून २०१० च्या विनियमांच्या जागी २०२३ चे विनियम आले आहेत. त्यांतील मुख्य तत्त्व असे की, विद्युत संचमांडणीचे नवे काम, वाढ, फेरफार व दुरुस्ती राज्य शासनाचा परवाना असलेल्या वीज ठेकेदारामार्फत, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याच्या हातूनच व्हावयास पाहिजे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच काढून त्याच क्षमतेचा दुसरा बसविणे यास ही अट नाही. परंतु नवीन सॉकेट काढणे, गोठ्यापर्यंत तार नेणे किंवा गीझरसाठी वेगळी जोडणी देणे ही कामे या सवलतीत बसत नाहीत.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे वीजतंत्री अथवा तारतंत्री अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र हा शिक्षणाचा दाखला होय. काम करण्याचा परवाना निराळा असून तो महाराष्ट्रात शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतो.

खांबापासून मीटरपर्यंतची व्यवस्था वीज कंपनीच्या अखत्यारीत असते. ग्रामीण महाराष्ट्रात ती बहुतांशी महावितरणकडे आहे. मीटरच्या पुढील वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची. म्हणून खासगी कारागिरास खांबावर चढविणे किंवा डीपीवरील फ्यूज गावातील कोणाकडून टाकून घेणे सर्वथा टाळावे. अशा तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

कारागिराची निवड

काम ठरविण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) तारतंत्र्याचा परवाना प्रत्यक्ष पाहावा. त्यावरील छायाचित्र व नाव समोरच्या व्यक्तीचेच आहे ना, याची खात्री करावी. ठेकेदाराच्या परवान्याची मुदत चालू असावी.

(२) त्याने पूर्वी केलेल्या एकदोन घरांचे काम पाहावे व तेथील मंडळींस विचारावे. केवळ “दिवे लागतात का” असे न विचारता “अर्थिंग केले का, मोजून दाखविले का” असे विचारावे.

(३) त्याच्याजवळ तारेच्या आवरणाची परीक्षा करणारा मेगर व अर्थिंगचा अवरोध मोजणारे उपकरण आहे काय, ते विचारावे. केवळ टेस्टरवर विसंबणाऱ्यास नवे वायरिंग देऊ नये.

(४) काम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराच्या सहीचा चाचणी अहवाल मिळेल काय, हे आधीच ठरवून घ्यावे.

परवाना मागितल्यास कारागीर दुखावेल असा संकोच बाळगू नये. जाणत्या कारागिरास त्याचा अभिमानच असतो.

भाराचा हिशेब व कामाची आखणी

अंदाजपत्रक मागण्यापूर्वी घरातील साधनांची यादी करावी. प्रत्येक साधनावर त्याची वॅटशक्ती छापलेली असते. समजा, दिवे, पंखे, फ्रीज, मिक्सर व इस्त्री मिळून २,००० वॅट होतात आणि गीझर २,००० वॅटचा आहे. एकूण ४,००० वॅटला २३० ने भागले असता सुमारे साडेसतरा अँपिअर येतात. दोन दिव्यांसाठी ओढलेल्या बारीक तारेने एवढा प्रवाह वाहू लागला की ती तापते, आवरण वितळते आणि आगीस निमित्त होते. मोटार सुरू होताना तर क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. एकूण भार मंजूर भारापेक्षा अधिक होत असेल तर वीज कंपनीकडून तो रीतसर वाढवून घ्यावा.

कामाचा तपशील कागदावर घ्यावा. किती दिवे, किती सॉकेट, कोणत्या जाडीची किती मीटर तार, कोणत्या बनावटीचे स्विच, अर्थिंग कोठे करावयाचे, मजुरी किती आणि पैसे कोणत्या टप्प्याने द्यावयाचे, हे त्यात स्पष्ट असावे. “सर्व मिळून एवढे” असा तोंडी ठराव पुढे वादास कारण होतो. शिवाय अशा ठरावात बहुधा अर्थिंगच वगळले जाते, कारण ते जमिनीत असल्याने दिसत नाही.

काम चालू असताना

तार तांब्याची व आय.एस.आय. चिन्हाची असावी. दिवे व पंखे यांसाठी १.५ चौ. मि.मी. आणि १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी निदान २.५ चौ. मि.मी. जाडीची तार घालावी. फेजसाठी लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलसाठी काळी व अर्थिंगसाठी हिरवी तार वापरण्याची पद्धत आहे. ती पाळल्यास पुढील दुरुस्ती करणाऱ्याची फसगत होत नाही. स्विच व फ्यूज नेहमी फेजच्या तारेवरच असावेत. स्विच न्यूट्रलवर बसविल्यास दिवा विझतो, परंतु होल्डरमध्ये वीज राहतेच.

अर्थिंगसाठी सुमारे ४० मि.मी. व्यासाचा व अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित नळ घरापासून दीड मीटर तरी दूर, शक्यतो ओलसर जागी उभा पुरतात. त्याच्या भोवती कोळसा व मीठ यांचे थर देतात. न्हाणीचे सांडपाणी जेथे मुरते त्याजवळची जागा सोयीची. मात्र माणसांचा व जनावरांचा वावर तेथे नसावा. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालीत जावे. तीन पिनांच्या प्लगमधील जाड व लांब पीन अर्थिंगची असते. प्लग बसविताना ती प्रथम जोडली जावी व काढताना शेवटी सुटावी, म्हणून तिची लांबी अधिक ठेवलेली असते. ती कापून किंवा मोडून प्लग बसवू नये.

केवळ अर्थिंगवर मात्र विसंबता येत नाही. अर्थिंगचा अवरोध १० ओहम असेल तर बिघाडाच्या वेळी २३ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. ३२ अँपिअरचा एम.सी.बी. तेवढ्याने उघडणार नाही. यास्तव एम.सी.बी.च्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. अवश्य बसवावा. गेलेला व परत आलेला प्रवाह यांत एवढा अल्प फरक पडला तरी तो क्षणार्धात वीज तोडतो. एम.सी.बी. तारेचे रक्षण करतो, आर.सी.सी.बी. माणसाचे, एकाचे काम दुसरा करीत नाही. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्याचे डोळे बांधणे होय.

पैसे चुकते करण्यापूर्वी

शेवटचा हप्ता चाचणी झाल्यावरच द्यावा. तारेच्या आवरणाची चाचणी ५०० व्होल्टच्या मेगरने करतात. अवरोध १ मेगओहमपेक्षा कमी भरू नये. अर्थिंगचा अवरोध मोजून तो आकडा अहवालात लिहून घ्यावा. आर.सी.सी.बी.वरील चाचणीचे बटण स्वतः दाबून पाहावे. दाबताच सर्व वीज बंद झाली पाहिजे. पुढेही दर महिन्यास हे बटण दाबण्याची सवय ठेवावी. आर.सी.सी.बी. पुनःपुन्हा पडत असेल तर तो काढून टाकू नये. कोठेतरी गळती आहे असा त्याचा निरोप आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

परवानाधारक माणूस तालुक्याच्या गावाहून आणावा लागतो व एका सॉकेटसाठी तो येत नाही, ही अडचण खरी आहे. यावर उपाय असा की, आळीतील आठदहा घरांनी आपली कामे एकत्र करून एकच दिवस ठरवावा. येण्याजाण्याचा खर्च विभागला जातो आणि चाचणीची उपकरणेही एकदाच आणावी लागतात. परिसरातील परवानाधारकांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. पावसाळ्यापूर्वी गोठे, पत्र्याची घरे व विहिरी यांची पाहणी करून जेथे दोनच तारा गेल्या आहेत किंवा सळईवर दिवा लावला आहे, अशा जागा घरधन्याच्या नजरेस आणून द्याव्यात.

गावातील ज्या तरुणास या कामाची आवड आहे, त्यास दूर न सारता प्रशिक्षण घेण्यास व रीतसर परवाना मिळविण्यास उत्तेजन द्यावे. असा एक मुलगा तयार झाला तर साऱ्या गावाची सोय होईल व त्यासही सन्मानाचे काम मिळेल.

इतकी दक्षता घेऊनही कोणास विजेचा धक्का बसलाच तर त्यास हात लावू नये. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तार दूर करावी. ही रीत घरगुती दाबाच्या विजेपुरतीच आहे. उच्च दाबाची तार तुटली असल्यास दूरच राहावे. माणूस सुटा झाल्यावर १०८ क्रमांकास कळवावे. तो बेशुद्ध असून श्वास चालत नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० या गतीने दाब देत राहावे.

बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, चार माणसांस विचारतो. ज्या तारेखाली आपली मुले निजतात व ज्या खुंट्याशी आपली जनावरे बांधलेली असतात, तेथील वीजकाम घेतानाही तेवढीच पारख करावी.