पिकअपला लिफ्ट किट आणि मोठे टायर बसवायचेत? आधी मोबाईलवर हा हिशेब करा

रील्समध्ये उंच केलेली, जाडजूड टायरची पिकअप दिसली की आपलंही मन होतं, "असं काहीतरी करूया!" मलाही अशा गाड्या आवडतात. पण गॅरेजमध्ये पैसे मोजण्याआधी दहा मिनिटं हे वाचा.

लिफ्ट किट म्हणजे नेमकं काय?

याचे मुख्य दोन प्रकार आहेत.

१. बॉडी लिफ्ट: चेसिस आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे टाकून फक्त बॉडी वर उचलतात.

२. सस्पेन्शन लिफ्ट: पुढे स्प्रिंग किंवा स्पेसर बदलतात, मागे लीफ स्प्रिंग म्हणजे पाटे बदलतात. यात चेसिससकट बॉडी वर जाते.

आता गंमत बघा. टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपला मागे सलग ॲक्सल असतो. त्याच्या मधला फुगीर भाग, म्हणजे डिफरेंशियल, हाच दगडाला सगळ्यात आधी घासतो. तुम्ही कोणतीही लिफ्ट किट बसवा, तो भाग एक मिलिमीटरही वर जात नाही! तो वर जातो फक्त मोठ्या टायरमुळे. लिफ्ट किटचं मुख्य काम म्हणजे त्या टायरला जागा करून देणं.

टायरचा हिशेब कसा करायचा?

हायलक्सचं एक कंपनी माप आहे २६५/६५ आर १७. म्हणजे रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १७ इंच. मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा:

२६५ × ०.६५ × २ = ३४४.५ मिमी
१७ × २५.४ = ४३१.८ मिमी
एकूण व्यास = साधारण ७७६ मिमी

आता लोकांना हवा असतो तो २८५/७० आर १७ घ्या. त्याचा व्यास येतो साधारण ८३१ मिमी. फरक ५५ मिमी, पण गाडी वर जाते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम २७ मिमी.

याची किंमत काय?

व्यास ७ टक्क्यांनी वाढला. त्यामुळे:

- चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते. मीटरवर पूर्वी ज्या वेगाला १०० दिसायचे, तिथे आता प्रत्यक्ष वेग ७ टक्के जास्त असतो. शेजारी बसलेल्याला मोबाईलवर जीपीएस स्पीड बघायला सांगा, फरक लगेच कळेल.
- ओडोमीटर १०,००० किमी दाखवेल, तेव्हा गाडी साधारण १०,७०० किमी धावलेली असेल. सर्व्हिसिंग उशिरा होणार.
- चाकापर्यंत पोचणारी ओढ साधारण ६ ते ७ टक्क्यांनी कमी होते. घाटात हे जाणवतं.
- टायर जड, त्यामुळे ब्रेकवर ताण आणि मायलेज कमी.
- गाडी उंच झाली की वळणावर जास्त झुकते आणि उलटण्याचा धोका वाढतो.
- पुढच्या ॲक्सलचे सांधे तिरके होऊन लवकर झिजतात. अलाइनमेंट आणि हेडलाइटचा फोकस पुन्हा सेट करावा लागतो, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जातो.
- स्टेपनीही त्याच मापाची हवी. फोर बाय फोरमध्ये तर वेगळ्या मापाचं चाक चालतच नाही.

आपल्याकडे कायद्याने चालतं का?

अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, म्हणून तिथल्या व्हिडिओवर जाऊ नका. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघातानंतर विम्याचा क्लेमही अडकू शकतो.

मग करायचं काय?

माझं मत विचाराल तर कंपनीच्याच मापात चांगले ऑल-टेरेन टायर घ्या. रोज लागते ती चिखलातली आणि खडीवरची पकड, आणि त्यासाठी गाडी उचलावी लागत नाही. टायर घेण्याआधी ड्रायव्हरच्या दाराजवळचा स्टिकर बघा. माप आणि हवेचं प्रेशर तिथेच मिळेल.

गाडी उचलायच्या विचारात असलेला एखादा मित्र असेल, तर त्याला हा हिशेब नक्की पाठवा!