विश्लेषण : कर्जत-खालापूरहून रोज पनवेल… त्यासाठी मोठी स्कूटर खरेच कामाची आहे का?

कर्जतहून पनवेलला थेट लोकल नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे पनवेल, तळोजा, रसायनी, पाताळगंगा परिसरात कामाला जाणाऱ्या अनेकांसमोर जुना महामार्ग आणि स्वतःची दुचाकी हाच पर्याय उरतो. रोजचे साठ-सत्तर किलोमीटर घरातल्या ११० सीसीच्या स्कूटरवर काढणारा माणूस कधी ना कधी शोरूममध्ये जाऊन विचारतोच : ही मोठी स्कूटर घेतली तर प्रवास सोपा होईल का? सुरक्षित होईल का? आणि परवडेल का? या प्रश्नांची उत्तरे जाहिरातीत मिळत नाहीत. ती थोड्या आकडेमोडीत मिळतात.

कर्जत-पनवेलसाठी दुचाकीच का?

रस्त्याने कर्जत ते पनवेल हे अंतर चौकमार्गे सुमारे ३५ किलोमीटर आहे. लोकलने जायचे तर कर्जतहून कल्याणमार्गे ठाणे आणि तिथे गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने पनवेल असा वळसा पडतो. हा प्रवास शंभर किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे रस्त्याच्या जवळपास तिप्पट. एसटी आहे, पण रात्रपाळी किंवा पहाटेच्या शिफ्टच्या वेळेशी ती जुळेलच असे नाही.

पनवेल-कर्जत नवा उपनगरी रेल्वेमार्ग २९.६ किलोमीटरचा आहे. पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत अशी त्याची पाच स्थानके. या मार्गावर लोकल नियमित धावू लागली, की आजची बरीच दुचाकी वाहतूक रेल्वेकडे वळू शकते. स्कूटरसाठी चार-पाच वर्षांचे कर्ज काढणाऱ्याने ही गोष्ट आधीच हिशेबात धरलेली बरी.

‘मॅक्सी स्कूटर’ म्हणजे नेमके काय?

रुंद बॉडी, पुढे वाऱ्याची काच, मोठी डिकी, लांब सीट आणि पाय पुढे ताणून बसता येईल अशी रचना असलेल्या स्कूटरला मॅक्सी स्कूटर म्हणतात. परदेशात हा प्रकार जुना आहे. होंडाची २५० सीसीची ‘हेलिक्स’ १९८६ मध्ये, सुझुकीची ‘बर्गमन’ १९९८ मध्ये आणि यामाहाची ५०० सीसीची ‘टीमॅक्स’ २००१ मध्ये आली. जपानमध्ये १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना द्रुतगती मार्गावर परवानगी आहे. तिथे २५० सीसीची स्कूटर घेणारा थेट एक्स्प्रेस-वेवरून ऑफिस गाठू शकतो.

आपल्याकडे पुण्याच्या कायनेटिकने २००६ मध्ये १६५ सीसीची ‘ब्लेझ’ आणली होती, पण ती टिकली नाही. २०१८ मध्ये सुझुकीने ‘बर्गमन स्ट्रीट’ आणली. तिचे रूप मॅक्सीचे असले तरी इंजिन १२५ सीसीचेच आहे. २०२१ मध्ये यामाहाची ‘एरॉक्स १५५’ आणि जानेवारी २०२५ मध्ये हिरोची ‘झूम १६०’ आली. या दोन्हींना १४ इंची चाके आणि पाण्याने थंड होणारे इंजिन आहे. त्याही वर बीएमडब्ल्यूची ३५० सीसीची ‘सी ४०० जीटी’ आणि होंडाची ७४५ सीसीची ‘एक्स-एडीव्ही’ आहे. यातली दुसरी मे २०२५ मध्ये ११ लाख ९० हजार रुपये या शोरूम किमतीला दाखल झाली.

सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. त्यामुळे रोजच्या प्रवासासाठी विचार करायचा तो १५०-१६० सीसीच्या गाड्यांचाच.

छोट्या स्कूटरला महामार्गावर धाप का लागते?

कारण वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. वेग ६० वरून ८० केला, म्हणजे तो फक्त एक तृतीयांशाने वाढला. पण हवा कापायला लागणारी ताकद जवळपास २.४ पट होते.

माणूस बसलेली स्कूटर ताशी ८० किलोमीटरने धावते तेव्हा हवा आणि टायरचे घर्षण मिळून चाकापाशी साधारण सहा पीएस ताकद खर्च होते. बेल्टमधून चाकापर्यंत पोहोचताना काही ताकद वाया जाते, ती धरली तर इंजिनला आठ पीएसच्या आसपास द्यावे लागतात. ११० सीसीच्या स्कूटरची एकूण ताकदच तेवढी असते. म्हणजे ८० वर तिचा ॲक्सिलेटर पूर्ण पिळलेला असतो. समोरून वारा आला, मागे कोणी बसले किंवा चढ लागला की वेग पडतो. मागे कंटेनर असताना वेग असा पडणे धोक्याचे.

१५०-१६० सीसीच्या स्कूटरची ताकद १५ पीएसच्या घरात असते. त्याच ८० वर तिचे इंजिन निम्म्याच जोरावर चालते आणि उरलेला जोर हाताशी राहतो. मोठ्या स्कूटरचा खरा फायदा हाच आहे. ती १०० ने पळते यापेक्षा ७० वर ती निवांत असते, याला रोजच्या प्रवासात जास्त किंमत आहे.

चाकाचा आकार इतका महत्त्वाचा का?

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि ऑगस्टपर्यंत रस्त्यांचे काय होते, ते इथल्या वाचकाला सांगायला नको. खड्डा तोच असला तरी लहान चाक त्यात खोल उतरते, मोठे चाक बरेचसे वरून जाते.

साध्या स्कूटरच्या मागच्या १० इंची चाकाची टायरसह उंची सुमारे ४३ सेंटिमीटर असते. एरॉक्सच्या मागच्या १४ इंची चाकाची ती ५५ सेंटिमीटर आहे. हा १२ सेंटिमीटरचा फरक पाठीला कळतो. पाण्याने भरलेला खड्डा न दिसता चाकाखाली आला तर हँडल हातात राहण्याची शक्यताही मोठ्या चाकामुळे वाढते.

याची किंमत मात्र मोजावी लागते. एरॉक्ससारख्या गाड्यांना सपाट फूटबोर्ड नसतो, मध्ये उंच कणा असतो. गॅस सिलिंडर, तांदळाचे पोते किंवा बाजाराची पिशवी पायाशी ठेवण्याची सोय जाते. साडी नेसून चढणे-उतरणेही अवघड होते. एकच स्कूटर ऑफिसलाही आणि घरकामालाही वापरायची असेल तर घरातल्या सगळ्यांनी ती बसून पाहावी, मगच ठरवावे.

८० ने जाऊन किती वेळ वाचतो?

दुभाजक असलेल्या चार किंवा अधिक पदरी रस्त्यावर दुचाकीसाठी केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. इतर रस्त्यांवर ती ६० आहे. घाटात, गावात आणि वळणावर फलकावर लिहिलेली मर्यादा पाळायची. स्कूटर १५० सीसीची असो की ७५० सीसीची, ही मर्यादा बदलत नाही.

चौक ते पनवेल हा जुन्या महामार्गाचा टप्पा २० किलोमीटरचा धरू. ६० ने तो २० मिनिटांत कापला जातो, ८० ने १५ मिनिटांत. म्हणजे वाचतात पाच मिनिटे, तीही वाटेत एकही सिग्नल किंवा ट्रक आडवा आला नाही तर.

आता थांबण्याचे अंतर पाहू. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले आणि रस्ता कोरडा असला, तर ६० वरून थांबायला सुमारे ४० मीटर लागतात, ८० वरून ६४ मीटर. ओल्या रस्त्यावर हेच आकडे साधारण ५२ आणि ८५ मीटर होतात. पाच मिनिटांसाठी पावसात तेहतीस मीटर जास्त, म्हणजे दोन कंटेनरच्या लांबीइतके. मोठी स्कूटर ८० वर शांत वाटते, आवाज करत नाही, थरथरत नाही. म्हणूनच तिच्यावर वेगाचा अंदाज चुकतो.

ब्रेकबद्दल एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. त्याहून लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा चालते. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला तरी एबीएस चाक जाम होऊ देत नाही. मात्र या वर्गातल्या स्कूटरना बहुधा फक्त पुढच्या चाकाला एबीएस असते. मागचे चाक घसरू शकते, हे विसरू नये.

बोरघाटात काय सांभाळायचे?

लोणावळ्याकडे जाणाऱ्यांना खोपोलीहून शिंग्रोबा मंदिराच्या बाजूने जुना घाट चढावा लागतो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत मोठी चढाई आहे. चढताना १५५ सीसीची ताकद उपयोगी पडते. सावध राहायचे ते उतरताना.

मोटारसायकलवर दुसरा गिअर टाकला की इंजिनच गाडीला धरून ठेवते. स्कूटरला गिअर नसतात. ॲक्सिलेटर सोडल्यावर इंजिन थोडे ओढते, पण वेग बराच कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावू लागते. मग सगळा भार ब्रेकवर येतो. पूर्ण उतारभर ब्रेक हलका दाबून ठेवला तर लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक कमी लागतो. त्यापेक्षा वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट लावून वेग पाडावा, मग ब्रेक सोडून त्याला थंड होऊ द्यावे. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी.

मोठी स्कूटर असली तर द्रुतगती मार्गावर जाता येते का?

नाही. कळंबोली ते किवळे हा ९४.५ किलोमीटरचा मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला, तेव्हापासून दुचाकी आणि तीनचाकींना तो बंद आहे. इंजिन कितीही मोठे असले तरी सवलत नाही. अटल सेतूवरही दुचाकीला मनाई आहे.

चूक होते ती बहुधा खालापूर आणि खोपोली परिसरात, जिथे द्रुतगती मार्गावर चढण्याचे रस्ते फुटतात. घाटातही दोन्ही मार्ग काही ठिकाणी अगदी जवळ येतात. मोबाइलचा नकाशा कारच्या पर्यायावर असेल तर तो सरळ द्रुतगती मार्ग दाखवतो. निघण्याआधी त्यात दुचाकीचा पर्याय निवडावा आणि शंका आली तर रस्त्यावरचा फलक खरा मानावा.

महिन्याला खर्च किती?

जाऊन-येऊन ७० किलोमीटर आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर १,७५० किलोमीटर होतात. लिटरमागे ४० किलोमीटर मायलेज आणि पेट्रोल १०४ रुपये धरले तर महिन्याला सुमारे ४,५५० रुपये नुसत्या पेट्रोलचे. कर्जाचा हप्ता आणि विमा वेगळा.

वर्षाचे किलोमीटर होतात २१ हजार. शहरात स्कूटर वापरणाऱ्याला एवढे अंतर कापायला तीन-चार वर्षे लागतात. त्यामुळे सर्व्हिसिंग महिन्यांवर नाही, किलोमीटरवर मोजावे. टायर, लायनर आणि मुख्य म्हणजे बेल्ट यांच्याकडे लक्ष हवे. इंजिनाची ताकद चाकाला देणारा हा रबरी बेल्ट तुटला तर इंजिन चालू राहते, पण गाडी जागेवरून हलत नाही. तो कधी बदलायचा हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. इथल्या रोजच्या प्रवाशाला ती वेळ साधारण वर्षभरातच येऊ शकते. एरॉक्सची टाकी साडेपाच लिटरची आहे, म्हणजे तिसऱ्या दिवशी पंप गाठावाच लागतो.

मग घ्यावी की नाही?

रोजचा प्रवास दहा-पंधरा किलोमीटरचा आणि गावातल्या रस्त्याचा असेल, तर ११० किंवा १२५ सीसीची साधी स्कूटर पुरते. तिचा फूटबोर्डही जास्त कामाचा. रोज जुन्या महामार्गावर वीस किलोमीटर किंवा जास्त जायचे असेल, तर १५०-१६० सीसी, १४ इंची चाके आणि एबीएस या तीन गोष्टींसाठी जादा पैसे मोजणे योग्य ठरते. दहा लाखांवरच्या स्कूटरची हौस असू शकते, पण कर्जत-पनवेलच्या रस्त्यावर तिची जादा ताकद वापरायला कायद्याने जागाच नाही.

पैसे उरले तर ते आधी चांगल्या आयएसआय हेल्मेटवर, पावसात पकड देणाऱ्या टायरवर आणि लांबून दिसेल अशा रेनकोटवर खर्च करावेत. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे. नसेल तर एक हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना निलंबनाची तरतूद कायद्यात आहे.

आणि घरून पाच मिनिटे लवकर निघावे. ८० ने जाऊन वाचणार होती ती हीच पाच मिनिटे.