अंतिम हुकूम आणि त्याची बजावणी

सन २०१९ मध्यें पडद्यावर आलेल्या ‘स्टार वॉर्स: द राइज ऑफ स्कायवॉकर’ या चित्रपटांत खलपक्षाचें एक प्रचंड अंतराळ-आरमार दाखविलें आहे. त्याचें नांव ‘फायनल ऑर्डर’, म्हणजे अंतिम हुकूम. त्यांतील युद्धनौकांवर संबंध ग्रह भस्म करणाऱ्या तोफा आहेत. हुकूम आणि तो अंमलांत आणणारें बळ हीं दोन्ही तेथें एकाच जहाजांत बसलेलीं! कायद्यांतील अंतिम हुकुमाची स्थिति नेमकी उलट आहे. तो असतो कागदावर. बळ मागाहून मागावें लागतें.

नवी मुंबईंतील एपीएमसी मार्केटचें उदाहरण घ्यावें. समजा, जुन्नरकडील एका शेतकऱ्यानें तेथील कांदा-बटाटा बाजारांत ट्रकभर कांदा पाठविला. आडत्यानें तो विकला, पट्टी लिहून दिली, पण दोन लाख रुपये मात्र ‘आज देतों, उद्यां देतों’ म्हणत अडकवून ठेविले. असा तंटा प्रथम बाजार समितीकडे नेतां येतो. तेथें तोड निघाली नाहीं, तर दिवाणी न्यायालय. पैशाच्या अशा दाव्याची मुदत सामान्यतः तीन वर्षांची. ती टळली कीं मागणी खरी असूनहि फुकट.

दावा चालूं असतां न्यायालय अनेक हुकूम करतें. अमुक मालमत्ता विकूं नये, अमुक वह्या हजर कराव्या, हे सारे मधले हुकूम. पक्षकारांचे हक्क ज्यानें ठरतात तो हुकूमनामा. वांटणीच्या दाव्यांत तर हुकूमनामेहि दोन: हिस्से सांगणारा प्राथमिक, आणि प्रत्यक्ष वांटे पाडणारा अंतिम. कित्येक कुटुंबें पहिल्यावरच पेढे वांटतात. ती घाई होय.

‘अंतिम’ हा शब्दहि सापेक्षच. खालच्या निकालावर अपील असतें. सन १९४९ पर्यंत त्याची शेवटची पायरी लंडनची प्रिव्ही कौन्सिल होती. नंतर दिल्लीचें सर्वोच्च न्यायालय आलें. सन २००२ मध्यें त्या न्यायालयानें स्वतःच्या अंतिम निकालांतील घोर अन्याय दूर करण्यासाठींहि एक अरुंद दार उघडें ठेविलें. वरचें न्यायालय चुकत नाहीं म्हणून शेवटचें नव्हे. कोठेंतरी थांबलें पाहिजे, म्हणून शेवटचें. मराठेशाहींत या थांबण्याची मोठी मार्मिक युक्ति होती. निवाडा झाला कीं हरलेल्या पक्षाकडून ‘येजितखत’ लिहून घेत: आपला दावा खोटा ठरला, पुन्हा कजिया करणार नाहीं, अशी त्याचीच कबुली. जिंकणारा सरकारांत ‘हरकी’ भरी, हरणारा ‘गुन्हेगारी’. आजचा कायदा कबुली मागत नाहीं. त्याच पक्षकारांमधील निकालांत निघालेला वाद पुन्हा ऐकण्यासच तो मनाई करतो.

आतां शेतकऱ्याच्या हातीं दोन लाखांचा हुकूमनामा आला. न्यायालय आपण होऊन पैसे वसूल करून देत नाहीं. त्यासाठीं दरखास्त करावी लागते. मग बँकेंतील रकमेवर किंवा घरावर जप्ती येते, बेलिफ जातो, लिलाव होतो. ऐपत असून कोणी देत नसेल, तर त्यास दिवाणी तुरुंगहि दाखवितां येतो. मात्र शेतकऱ्याचीं औतें, बैल व बियाणें यांस कायद्यानें जप्तींतून वगळलें आहे. अपील केल्यानें वसुली आपोआप थांबत नाहीं. स्थगिति वेगळी मिळवावी लागते.

हिंदुस्थानांत वादीच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावरच सुरू होतात, असें प्रिव्ही कौन्सिलनें सन १८७२ मध्येंच नमूद केलें होतें. सन २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयास पुन्हा सांगावें लागलें कीं, दरखास्त सहा महिन्यांत निकालांत काढावी. हुकूमनाम्याचें आयुष्य १२ वर्षांचें. तेवढ्या काळांत आडत्या गाळा बदलतो, मालमत्ता मुलांच्या नांवें होते. ऋणको संपत्ति दडवीत असल्यास तिचा तपशील त्याच्याकडूनच शपथेवर मागविण्याची तरतूद आहे. तो अर्ज दरखास्तीबरोबरच केलेला बरा. कांद्याची पट्टी मात्र प्रथमपासून जपून ठेवावी लागते, कारण सारा दावा तिच्यावरच उभा असतो.