मदत मागता का? मग मिळते का?

घरच्या आजारी वृद्ध माणसाचं करणाऱ्यांना मी प्रश्न विचारायला जाते, पण सकाळी साडेनऊच्या आत त्यांच्यापैकी कुणालाही फोन करत नाही. आठ ते साडेनऊ हा वेळ अंग पुसणं, डायपर बदलणं, नाश्ता भरवणं आणि गोळ्या देणं यांचा असतो. त्या वेळी वाजलेला फोन घेतलाच, तर करणारी बाई खांद्यात मोबाइल अडकवून ‘या, केव्हाही या’ म्हणते आणि आपण गेल्यावर तिला पाच मिनिटं धड बसता येत नाही. म्हणून फोनवर पहिला प्रश्न एवढाच असतो : रुग्ण दुपारी झोपतात कधी?

साडेनऊ ते साडेदहा कागद लावण्यात जातात. संमतीपत्र, प्रश्नावली, कोरे कागद. घरच्या वृद्ध माणसाचं करणाऱ्यावर किती ताण येतो, हे मोजायची पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या स्टीव्हन झारिट यांची प्रश्नावली १९८० सालची; तिच्या आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या रूपात २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. आम्ही मोजतो ते वेगळं. काळजी घेणारं माणूस मदत मागू शकतं का, नाही म्हणू शकतं का, डॉक्टरांना अडवून शंका विचारू शकतं का, रुग्णाशी मायेनं बोलू शकतं का. ब्राझीलमध्ये साओ कार्लोसच्या विद्यापीठात मानसशास्त्रज्ञांनी कुटुंबातल्या अशाच माणसांसाठी खास प्रश्नसंच तयार केला. आमचे प्रसंग मात्र इथल्या घरांमधले आहेत : दीर, नणंदा, ब्युरोची बाई, न सांगता भेटायला येणारे पाहुणे.

अकरा वाजता पर्वती पायथ्याजवळचं एक घर. सासऱ्यांना पक्षाघात झालेला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. करणारी सून. हॉलमध्ये सासूबाई बसलेल्या, त्यामुळे तिथे विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ‘आमचं सगळं छान चाललंय’ हेच उत्तर येणार. मी स्वयंपाकघरात गेले. ती मऊ भात घोटत होती. घोटता घोटता उत्तरं देऊ लागली.

“मागच्या पंधरा दिवसांत दिरांना किंवा नणंदांना स्पष्ट सांगितलंत का, की एक दिवस तुम्ही येऊन थांबा?”

“सांगितलं ना. दर रविवारी सांगते.”

मी ४ वर खूण केली. म्हणजे कौशल्य उत्तम. पण पेन उचलवेना.

“मग काय म्हणतात?”

“म्हणतात, वहिनी, तुमच्यासारखं आम्हाला नाही जमत.” तिनं भातात वरण कालवलं, बोटानं गुठळी फोडली, वाटी थोडी निवू दिली. “नणंद तर म्हणाली, तुझ्या हातानंच बाबा जेवतात.”

ते ४ गुण तसेच ठेवले आणि समासात तिचं वाक्य लिहून घेतलं. तिला बोलता येतं. नीट, न भांडता, दर आठवड्याला. पलीकडे ऐकणारं कुणी नाही. अशा बाईला ‘संवादकौशल्य प्रशिक्षण’ देऊन आपण नक्की काय शिकवणार?

बसनं कोथरूड. दीड वाजता डबा खाल्ला.

दोन वाजता एक निवृत्त बँक अधिकारी. पत्नीला स्मृतिभ्रंश. डॉक्टरांविषयीच्या प्रश्नांत त्यांना जवळजवळ पैकीच्या पैकी; गोळ्यांची वही तारीखवार लिहिलेली. शेजाऱ्यांकडे तासभर मदत मागण्याच्या प्रश्नाला मात्र शून्य. “लोकांना कशाला त्रास,” म्हणाले. तेवढ्यात बाई आतून आल्या आणि म्हणाल्या, “आई आली का हो?” आई जाऊन कित्येक वर्षं झालेली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “अजून नाही. तोवर आपण शेंगा सोलू या का?” टेबलावर ताट आधीच मांडलेलं होतं. त्या बसल्या, सोलू लागल्या. थोड्या वेळानं तोच प्रश्न, तोच आवाज, आणि ह्यांच्या स्वरात कणभरही चढ नाही. “आई काय काय करायच्या मटाराचं?” ह्या वेळी त्यांनी उलट विचारलं, आणि बाई करंज्यांविषयी बोलत राहिल्या.

मी आजवर पाहिलेल्या कौशल्यांत हे फार वरचं. आमच्या प्रश्नावलीत त्याला एकच ओळ आहे : ‘रुग्णाने तोच प्रश्न पुन्हा विचारल्यास मी शांतपणे उत्तर देतो.’ त्यांनी ‘कधी कधी’वर खूण केली. २ गुण. आपण रात्री चिडतो, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. प्रामाणिक माणूस स्वतःला कमी गुण देतो, म्हणून आम्ही प्रसंग करूनही पाहतो. मी शेजारीण झाले, त्यांनी मदत मागायची. त्यांना पहिलं वाक्यच सुचेना. इथे शिकवण्यासारखं खरोखर काही आहे.

चारला चहा आणि टिपणं. नुसते आकडे घेऊन परतलं, की संध्याकाळपर्यंत माणसं एकसारखी दिसू लागतात.

पाच वाजता आमच्या अभ्यासगटाची बैठक. मी पुन्हा तेच मांडलं : प्रत्येक प्रश्नापुढे दोन रकाने हवेत. तुम्ही बोलता का, आणि बोलल्यावर काय झालं? एक सहकारी म्हणाल्या, दुसरा रकाना घरच्यांविषयी आहे, कौशल्याविषयी नाही. शास्त्र म्हणून त्यांचं बरोबर आहे, दोन्हींची बेरीज करता येणार नाही. पण पहिला रकाना एकटा छापला, तर कमी गुणांचा दोष करणाऱ्या माणसावर येतो आणि जास्त गुण असले, की त्याला मदतीची गरजच नाही असं ठरतं. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले सुमारे १०.४ कोटी लोक मोजले गेले. त्यांचं घरात करणाऱ्यांसाठी वेगळा रकाना नव्हता. आता कुठे कुणी त्यांना विचारायला जातं आहे, तर प्रश्न अर्धा का विचारायचा? दोन रकाने ठेवायचे, बेरजा वेगळ्या करायच्या, असं ठरलं.

सात वाजता सकाळच्या सुनेचा फोन आला. “ताई, हे प्रश्न आमच्या दिरांना विचाराल का?”

आत्ता नाही विचारता येणार. त्यासाठी नैतिकता समितीची वेगळी परवानगी लागते. तिला तसं सांगितलं. जेवण झाल्यावर अर्जाचा मसुदा लिहायला घेतला. नातेवाइकांसाठीचा पहिला प्रश्न : ‘मागच्या पंधरा दिवसांत घरातल्या कुणी तुमच्याकडे मदत मागितली का? त्यावर तुम्ही काय केलंत?’